फर्नेस नसलेल्या छोट्या ट्रेलरमध्ये पहाटे तीनला थंडी का वाजते, आणि आम्ही काय केलं

आमच्याकडे 13 फुटी फायबरग्लासचा जुना ट्रेलर आहे, गाडीमागे ओढून न्यायचा आणि आत झोपायचा, अंड्यासारखा दिसणारा, आणि त्यात फर्नेस, म्हणजे आत पक्की बसवलेली गॅसची शेगडीवजा हीटर-यंत्रणा, नाही. आधीच्या मालकाने ती काढून तिथे कपाट केलंय. आम्ही राहतो अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरजवळ, म्हणजे सप्टेंबर संपत आला की वर डोंगरात रात्री पाणी गोठायला लागतं, आणि नेमके तेच दिवस सगळ्यात सुंदर, अॅस्पेनची झाडं पिवळीधमक, गर्दी कमी, डास नाहीत. त्यामुळे ट्रेलर घेतल्यापासून दोन वर्षं आमचा एकच त्रास होता. झोपताना आत छान ऊबदार असायचं, आणि पहाटे तीनच्या सुमाराला तिघंही जागे, पाठ गार, नाक गार, आणि मुलीची उशी चक्क ओली.

तेव्हापासून काय काय करून बघितलं, कशाचा उपयोग झाला, कशाचा नाही ते सगळं लिहिते, कारण हा प्रश्न विचारला की बहुतेक वेळा उत्तर मिळतं ते "मोठा हीटर घ्या" एवढंच. माझं मत एकदम उलट आहे. हीटरचं सगळ्यात शेवटी बघा. छोट्या ट्रेलरमध्ये थंडी वाजते ती खालून येणाऱ्या गारठ्याने आणि आतल्या ओलाव्याने, आणि या दोन गोष्टी तशाच ठेवून नुसती हवा तापवत बसलात तर कितीही गॅस जाळा, पुरणार नाही.

आमचं कुठे चुकत होतं

पहिल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रेट सँड ड्यून्स या वाळूच्या टेकड्यांच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो, पिन्यॉन फ्लॅट्स कॅम्पग्राउंडवर. उंची साधारण 8,200 फूट, साइटवर वीज नाही. सोबत एक पौंडाच्या गॅसच्या बाटलीवर चालणारा छोटा पोर्टेबल हीटर होता, ज्याला धुराडं नसतं, ज्योत आतल्याच हवेत जळते. तो सारखा विझत होता. नवऱ्याने बाटली बदलली, मग बाटली गार पडली असेल म्हणून कपड्यात गुंडाळून ठेवली, पुन्हा पेटवला, दहा मिनिटांत पुन्हा बंद. आम्हाला वाटलं हीटरच खराब निघाला.

हीटर खराब नव्हता. या हीटरमध्ये ऑक्सिजन कमी झाला की गॅस तोडणारा सेन्सर असतो, आणि 7,000 फुटांच्या वर हवाच विरळ असते म्हणून तो सेन्सर आपोआप हीटर बंद करू शकतो, मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. तेव्हा तुमचा हीटर घरी गराजमध्ये नीट चालतो आणि डोंगरात विझतो असं होत असेल तर आधी त्या जागेची उंची बघा. आणि कृपा करून तो सेन्सर काढून टाकायचा किंवा त्याच्याशी खेळायचा विचारसुद्धा करू नका, तुमचा जीव वाचवायला बसवलेली गोष्ट आहे ती.

पण त्या रात्रीचा खरा धडा हीटर विझण्याचा नव्हता. प्रोपेन जळला की त्यातून पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात, आणि ते थोडंथोडकं नसतं. शाळेतल्या केमिस्ट्रीचा हिशोब करून बघा, 44 ग्रॅम प्रोपेन जळला की 72 ग्रॅम पाणी. म्हणजे एक पौंडाची, 454 ग्रॅमची बाटली पूर्ण जळली की जवळजवळ पाऊण लिटर पाणी तुमच्या त्या डबीएवढ्या खोलीत. त्यात आम्ही तिघं रात्रभर श्वास सोडणार, त्याचं अर्धा लिटर तरी धराच. वर मी संध्याकाळी आतच कुकर लावलेला, डाळ-भाताच्या शिट्ट्या, म्हणजे त्याचीही वाफ. आणि एवढं सगळं करून थंडी आत येऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या आणि छपराची झडप गच्च बंद केलेली.

सकाळी गादी उचलली. खालचं प्लायवूड ओलं होतं, हात फिरवला तर तळवा भिजला, आणि गादीच्या खालच्या कापडावर बारीक काळे ठिपके, बुरशीची सुरुवात. भिंतीवरून ओघळ. मुलीची उशी का ओली होते हे मात्र त्या दिवशीही कळलं नाही, ते पुढे सांगते.

ओलं अंथरूण कधीच ऊब देत नाही. पांघरुणात जी हवा अडकलेली असते तीच ऊब धरते, आणि तिथे पाणी शिरलं की संपलं. त्यामुळे रात्री दहाला जे पांघरूण पुरतं तेच तीनला पुरत नाही.

आधी गादीच्या खालचं बघा

आमच्या ट्रेलरमध्ये जेवणाचं टेबल खाली पाडून त्यावर गाद्या टाकल्या की मोठा पलंग होतो. त्याखाली सामान ठेवायची पोकळ जागा, तिच्याखाली जमीन म्हणजे पातळ लाकडी फळी, आणि तिच्याखाली थेट वारा. पाऊण इंची प्लायवूडची आर-व्हॅल्यू, म्हणजे गारठा अडवायची ताकद, जेमतेम 1. बांधकामाच्या दुकानात गुलाबी किंवा निळ्या रंगाची कडक फोमची शीट मिळते, एक्सपीएस म्हणतात, तिची एका इंचाला 5. म्हणजे एक इंची शीट पाच फळ्यांच्या बरोबरीची.

आम्ही ही एक इंची शीट पलंगाच्या फळीच्या खालच्या बाजूने चिकटवली, वरून नाही, कारण वरून लावली तर वजनाने दबते आणि टेबलाचं मापही चुकतं. मग फळीवर प्लास्टिकची जाळीसारखी पट्टी अंथरली, बोटीतल्या गाद्यांखाली टाकतात तशी, म्हणजे गादी आणि फळीच्या मध्ये अर्धा-पाऊण इंच हवा खेळती राहते आणि अंगातून खाली झिरपणारा दमटपणा तिथून निघून जातो. त्यावर गादी. गादीवर घोंगडी.

घोंगडीबद्दल थोडं जास्त लिहिते. आईने मला पुण्याहून जुन्या साड्यांची गोधडी पाठवली होती आणि मी ती हौसेने ट्रेलरमध्ये नेली, पहिल्या दोन ट्रिपला तीच अंगाखाली. गोधडी सुती असते, ती दमटपणा शोषून घेते आणि धरून ठेवते, पहाटेपर्यंत ओलसर गार होते. घरात ती लाखमोलाची आहे, ट्रेलरमध्ये नाही. मग सासऱ्यांनी सोलापूरकडची घोंगडी दिली, मेंढीच्या लोकरीची, टोचणारी, तिला अजून मेंढीचा वास येतो. लोकर आपल्या वजनाच्या तीसेक टक्क्यांपर्यंत दमटपणा पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. ती अंगाखाली घातल्यापासून माझी पाठ गार पडणं थांबलं, फक्त वर एक चादर टाका नाहीतर टोचते. घोंगडी नसेल तर कुठलंही जाड लोकरीचं ब्लँकेट चालेल, पण ते अंगावर घ्यायच्या आधी अंगाखाली घाला. आणि हवा भरायची गादी वापरत असाल तर तिच्या आत हवा फिरत राहते आणि खालचा गारठा वर आणते, तिच्यावर बंद पेशींचा फोम, योगा मॅटसारखा, टाकल्याशिवाय झोपू नका.

उदबत्ती लावून भोकं शोधा

ही युक्ती मला फार आवडते, कारण पाच मिनिटांत सगळं कळतं. वारा असलेल्या दिवशी ट्रेलर बंद करा, आत एक उदबत्ती लावा आणि हळूहळू सगळीकडे फिरवा, दाराच्या कडेने, खिडक्यांच्या कडेने, सिंकखालच्या कपाटात, वायर आणि पाइप जिथून बाहेर जातात तिथे. धूर सरळ वर जात असेल तर ठीक. वाकला, थरथरला, तर तिथून हवा येतेय.

आमच्याकडे दाराच्या खालच्या कोपऱ्यात येईल असं वाटलं होतं आणि तिथे थोडी येतच होती, पण सगळ्यात जास्त वारा फ्रिजच्या मागून येत होता. ट्रेलरच्या गॅसवरच्या फ्रिजला बाहेरच्या भिंतीत खाली-वर दोन जाळ्या असतात, त्या उघड्याच असायला लागतात, पण फ्रिजची ती मागची पोकळी आतल्या खोलीपासून पूर्ण बंद असायला पाहिजे. आमची जुनी सीलपट्टी वाळून तुटली होती. नवीन पट्टी बसवायला अर्धा तास लागला आणि त्याने जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कुठल्याच एका गोष्टीने पडला नाही. बाहेरच्या जाळ्या मात्र चुकूनही बंद करू नका, फ्रिज गॅसवर चालतो तेव्हा त्याचा धूर तिथूनच जातो.

आणि मग मुद्दाम दोन ठिकाणी उघडं ठेवा

हे ऐकून सगळे वाद घालतात, आमच्या घरातही झाला, की एवढी भोकं बुजवली आणि आता झडप उघडी ठेवायची? हो. नको तिथून येणारा वारा तोंडावर येतो आणि तुमच्या हातात नसतो. छपराची झडप एक इंच आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूची एक खिडकी अर्धा इंच, एवढं उघडं ठेवलं की दमट हवा वरून जाते आणि बाहेरची कोरडी हवा येते. कोलोरॅडोतली थंड हवा खूप कोरडी असते, ती आत येऊन तापली की ओलावा शोषते. आम्ही आर्द्रता मोजायचं छोटं मीटर ठेवलंय, सगळं बंद असताना पहाटे 85 टक्के दिसायची, आता 60 च्या आसपास. आत दोन-तीन अंश कमी असतात पण अंथरूण कोरडं असतं, आणि झोप लागते ती कोरड्या अंथरुणात.

स्वयंपाक बाहेर करा, निदान कुकर आणि चहाचं आधण तरी. ओले टॉवेल, ओले बूट रात्री आत नकोत. ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचे डबे आम्ही आणले होते, तीन माणसांच्या एका रात्रीपुढे त्यांचं काही चालत नाही.

उशी का ओली व्हायची

मुलगी पुढच्या बाजूला वरच्या बंकवर झोपते. एका रात्री तिने उठवलं, "आई, डोळ्यात पाणी पडलं." टॉर्च लावून बघितलं तर तिच्या डोक्यावर एक रिव्हेट, म्हणजे भाग जोडणारा धातूचा खिळा, फायबरग्लासच्या आरपार गेलेला, आणि त्याच्या टोकावर थेंब लोंबतोय. मी बघत उभी राहिले, साधारण मिनिटभरात तो पडला, बरोबर उशीवर. आणि तिथे पुन्हा नवीन थेंब धरायला लागला. धातू बाहेरची थंडी सरळ आत आणतो, त्यामुळे आतली सगळी वाफ आधी त्या रिव्हेटवर धरते. आमच्या ट्रेलरला असे बरेच रिव्हेट आहेत, वर प्लास्टिकच्या टोप्या होत्या त्यातल्या निम्म्या गेलेल्या. नवीन टोप्या आणल्या, प्रत्येकीच्या आत फोमचा गोल तुकडा कापून दाबून बसवला, आणि मुलीची उशी एक वीत खाली सरकवली. तुमच्याकडे पाणी एकाच जागी पडत असेल तर ते गळतंय असं समजून छपरावर सिलिकोन फासायच्या आधी कोरड्या रात्री टॉर्च घेऊन बघा, गळती आहे की दव ते लगेच कळेल.

खिडक्यांना फोमचे तुकडे मापाने कापून बसवले, चंदेरी बबलवाली शीट पण चालते, पण ती काचेला अगदी चिकटवली तर तिचा चंदेरीपणा वाया जातो, मध्ये थोडी हवा पाहिजे. काचेवर थोडं पाणी धरणारच, सकाळी पुसायचं.

ऊब अंगाला द्या, हवेला नको

एवढं झालं की मग हीटरचा विषय काढा. साइटवर वीज असेल तर प्रश्नच नाही, साधा 1,500 वॉटचा इलेक्ट्रिक हीटर या आकाराच्या ट्रेलरला भरपूर होतो, आम्ही तर बहुतेक वेळा 750 वरच ठेवतो. फक्त 1,500 वॉट म्हणजे 120 व्होल्टवर साडेबारा अॅम्पियर, त्याच सर्किटवर किटली लावली की ब्रेकर उडणार. आणि घरातली पातळ एक्स्टेन्शन वायर अजिबात नको, 12 गेजची जाड घ्या. हीटर लावून अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा, कोमट ठीक, पण गरम लागला तर लगेच काढा. आमच्या एका सॉकेटचं प्लास्टिक तपकिरी झालं होतं तेव्हा कळलं की आतला स्क्रू ढिला होता.

वीज नसेल तर बॅटरीवर रूम हीटर चालवायचा विचार सोडा. 100 अॅम्पियर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे जवळपास 1,280 वॉट-तास, 1,500 वॉटचा हीटर ती पाऊण तासात संपवेल. तेच आमचं 12 व्होल्टचं ब्लँकेट 4 अॅम्पियर घेतं, रात्रभर, आठ तास चालवलं तरी 32 अॅम्पियर-तास, म्हणजे एक तृतीयांश बॅटरी. तेही अंगाखाली, चादरीच्या खाली, आणि झोपायच्या आधी अर्धा तास लावून ठेवायचं म्हणजे अंथरूण आधीच तापलेलं आणि कोरडं मिळतं. लिथियम बॅटरी शून्य सेल्सिअसच्या खाली चार्ज करता येत नाही, म्हणून ती बाहेरच्या पेटीत न ठेवता आत बंकखाली ठेवा, नाहीतर सकाळी सोलर पॅनलवर ऊन असून चार्जिंग होणार नाही.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे आपली शेकायची रबरी पिशवी. 8,200 फुटांवर पाणी 92 सेल्सिअसच्या आसपासच उकळतं, तेवढं पुरेसं आहे, फक्त पिशवीत ओतायच्या आधी दोन मिनिटं थांबा आणि पिशवीवर लोकरीचा मोजा चढवा. एक पायाशी, एक पोटाशी. पहाटेपर्यंत कोमट राहते. कानटोपी, कोरडे मोजे, आणि दिवसभर घातलेले कपडे बदलून झोपायचं, कारण चालताना आलेला घाम त्यात असतो. झोपायच्या आधी शेंगदाणा-गुळाचा लाडू खायचा, आणि लघवीला जाऊन यायचं, कंटाळा आला तरी.

इथे तडजोड नाही

झोपताना कुठलीही ज्योत जळत ठेवायची नाही. शेगडी नाही, कंदील नाही, सेन्सरवाला हीटरसुद्धा नाही, आणि निखारे तर संपूर्ण विझल्याशिवाय दारातसुद्धा आणायचे नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आधी डोकं दुखतं, मळमळतं, आणि झोपेत असाल तर तेही कळत नाही. त्याचा अलार्म उशीच्या उंचीला लावा, तो ठरावीक वर्षांनी बाद होतो, मागे तारीख असते ती आज बघा. गॅस गळतीचा अलार्म वेगळा, तो जमिनीलगत, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो.

मेणबत्त्यांवर मातीची कुंडी पालथी घालून खोली तापवायचे व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. चार छोट्या मेणबत्त्यांची मिळून उष्णता दीडशे वॉटच्या आत-बाहेर, कुंडीने त्यात काडीची भर पडत नाही, आणि ट्रेलरमध्ये पडदे, फोम आणि तुमचं पोर त्या कुंडीपासून हातभर अंतरावर. नका करू.

नेहमीच 15 फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे उणे नऊ सेल्सिअसच्या खाली राहायचं असेल तर मात्र बाहेरून हवा घेणारा आणि बाहेरच धूर सोडणारा हीटर, डिझेलचा किंवा प्रोपेनचा, नीट बसवून घ्या, त्याला पर्याय नाही. शिवाय तेवढ्या थंडीत टाकी आणि पाइपमधलं पाणीही गोठतं, आम्ही तर गोठायची रात्र असली की टाकी रिकामी करून पाण्याचे कॅन आत ठेवतो.

काहीही नवीन केलं की पहिली रात्र लांब जाऊन काढू नका. आम्ही घराजवळच्या चॅटफील्ड स्टेट पार्कमध्ये एक रात्र काढून बघतो, नाही जमलं तर अर्ध्या तासात घरी.

मागच्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा पिन्यॉन फ्लॅट्सला गेलो. पहाटे पाचला बाहेर 22 फॅरनहाइट होतं, आत 41, म्हणजे 5 सेल्सिअस, कुठलाच हीटर चालू नव्हता. नाक गार होतंच. पण तीनला कोणी उठलं नाही, मुलीला सात वाजता हलवून जागं करावं लागलं, आणि गादी उचलून बघितली तर फळी कोरडी. मागच्या खिडकीखालच्या एका कोपऱ्यात अजून पाणी धरतं, तिथे भिंतीचा फोम सुटलाय, तो यंदा बर्फ पडायच्या आधी चिकटवायचा आहे.